रविवारच्या ताटाचे पोटात काय होते: घरी करून पाहता येईल असे पचन

कोल्हापुरात रविवारी दुपारी अनेक घरांत जे ताट मांडले जाते, त्यात ज्वारीची भाकरी, सुके मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, मूठभर भात, कांदा-लिंबू आणि वाटीभर दही असते. पचनसंस्था समजून घ्यायला यापेक्षा चांगले साहित्य शोधूनही सापडणार नाही, कारण पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतुमय चोथा आणि तिखट हे सगळे एकाच ताटात हजर असते. या लेखात हेच ताट तोंडापासून शेवटापर्यंत न्यायचे आहे आणि वाटेतल्या बहुतेक मुक्कामांवर स्वयंपाकघरात करून पाहता येईल अशी एखादी कृती सांगायची आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. आतड्याच्या भिंतीतून भाकरी आत जात नाही आणि मटणही जात नाही. तिथून फक्त अगदी लहान रेणू आत घेतले जातात. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कड्यांची साखळी, मटणातले प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी आणि रश्श्यावरचा तवंग म्हणजे पाण्यात न मिसळणारा मेद. या साखळ्या तोडत जाणे म्हणजेच पचन होय. तोडण्याचे काम विकरे (एन्झाइम) करतात आणि प्रत्येक कडी तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. एक टप्पा पुढच्या टप्प्यासाठी अन्न तयार करून देतो, आणि या संपूर्ण साखळीत आपल्या इच्छेने चालणारी कामे दोनच आहेत: सुरुवातीचे चावणे आणि गिळणे, आणि शेवटचा शौच. मधल्या पंचवीस-तीस तासांत आपल्याला कोणी विचारत नाही, म्हणून जे हातात आहे तिथे थोडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

शनिवारीच जमवून ठेवण्याचे साहित्य थोडेच आहे: तांदळाची पेज, औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन, पांढरे व्हिनेगर, चार कागदी पेले, भांडी घासायचा द्रव साबण, कच्च्या पपईचा तुकडा आणि मक्याचे एक कणीस.

पहिली पायरी: तोंड

पचन पोटात सुरू होते, असे आपण सहज म्हणतो. शाळेत विज्ञान शिकवताना मी दरवर्षी हा प्रश्न विचारत असे आणि दरवर्षी निम्मा वर्ग पोटाकडे बोट दाखवत असे. प्रत्यक्षात घास तोंडात असतानाच स्टार्च तुटायला लागतो. लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या दिवसाला सुमारे १ ते १.५ लिटर लाळ तयार करतात आणि तिच्यातले अमायलेज हे विकर स्टार्चची साखळी तोडून माल्टोज नावाची शर्करा मोकळी करते. नुसत्या भाकरीचा लहान घास, कशालाही न लावता, तीस-पस्तीस वेळा चावून पाहा. शेवटी शेवटी येणारी मंद गोडी भाकरीत आधी नव्हती. ती तुमच्या लाळेने तयार केलेली असते.

हेच डोळ्यांनी पाहायचे असेल तर पुढील कृती करावी. एक चमचा पेज पाच-सहा चमचे पाण्यात पातळ करून कोमट होऊ द्यावी, म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतकी, आणि ती चार पेल्यांत सारखी वाटावी. पहिल्या पेल्यात चमचाभर साधे पाणी घालावे. चूळ भरून तोंड स्वच्छ केल्यावर गोळा केलेली चमचाभर लाळ दुसऱ्या पेल्यात घालावी. तिसऱ्यात लाळ आधी एका जुन्या पळीत उकळून, निववून मग घालावी. चौथ्यात चमचाभर व्हिनेगर आणि त्यानंतर लाळ घालावी. पंधरा-वीस मिनिटे थांबून प्रत्येकात पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. जिथे स्टार्च शिल्लक आहे तिथे गडद निळा-काळा रंग येतो. पहिला, तिसरा आणि चौथा पेला काळवंडतो. दुसरा मात्र फिक्या चहासारखा राहतो. म्हणजे लाळेने स्टार्च तोडला, उकळल्यावर विकर निकामी झाले आणि आम्लातही ते काम करू शकले नाही. पेले लगेच टाकून द्यावेत आणि आयोडीन मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे, कारण ते पोटात जाता कामा नये.

यात एक खाचखळगा आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. पहिल्या वर्षी घरात व्हिनेगर नव्हते म्हणून मी चौथ्या पेल्यात लिंबू पिळले. रंग आलाच नाही आणि वर्गातल्या हुशार मुलांनी निष्कर्ष काढला की आम्लात लाळ अधिकच जोरात काम करते. निष्कर्ष चुकीचा होता, पण चूक माझी होती: लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवते, त्यामुळे स्टार्च असूनही तो दिसत नाही. पेज गरम असली तरीही असाच घोटाळा होतो, कारण उष्णतेने निळा रंग नाहीसा होतो.

दातांचे कामही कमी महत्त्वाचे नाही. विकरे घासाच्या पृष्ठभागावरच काम करतात. घास जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त. मटणाचा तुकडा अर्धवट चावून गिळला तर त्याचे पुढचे काम जठरावर पडते, कारण तिथून पुढे दात नाहीत. रस्सा भुरकताना आणि गप्पा मारताना आपण हवाही गिळतो. जेवणानंतरच्या ढेकरांत बराच वाटा त्या हवेचाच असतो.

तिखटाबद्दल इथेच सांगून टाकतो. कांदा-लसूण मसाल्यातल्या मिरचीत कॅप्सायसिन असते आणि ते उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना जाऊन चिकटते. म्हणजे तिखट ही चव नसून भाजल्याची जाणीव आहे. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊनही आग शमत नाही; दह्यातले केसीन हे प्रथिन आणि स्निग्धांश मात्र ते धुऊन काढतात. ताटातली दह्याची वाटी शोभेसाठी नसते ती अशी. याच चेतातंतूंची टोके मार्गाच्या दुसऱ्या टोकालाही असतात आणि कॅप्सायसिनचा काही भाग तिथपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो, त्यामुळे सोमवारी सकाळी जे होते त्याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको.

दुसरी पायरी: गिळणे

कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. कंठमणी वर सरकून खाली येतो. त्या क्षणी श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण पडते आणि श्वास थांबतो. पुढची सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका घासाला लाटेसारख्या आकुंचनाने आठ-दहा सेकंदांत खाली ढकलते. हे ढकलणे स्नायूंचे काम आहे, गुरुत्वाकर्षणाचे नव्हे. आडवे पडूनही घास खाली जातो. तरीही जेवताना बसलेले बरे, आणि तोंडात घास असताना हसू नये हा आजीचा नियम त्या झाकणाच्या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे.

तिसरी पायरी: जठर

जठराविषयी फार काळ दोन मते होती: ते अन्न जात्यासारखे दळते, की रसाने विरघळवते? १७५२ मध्ये रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका घारीला दोन्ही टोकांनी छिद्रे असलेल्या धातूच्या नळ्यांत मांस भरून गिळायला लावले. घार न पचणारी वस्तू ओकून टाकते, त्यामुळे नळी परत मिळाली. आतले मांस दळले जाणे शक्यच नव्हते, तरी ते बरेचसे विरघळलेले होते. पुढे १८२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने जखमी झालेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटावर कायमचे छिद्र राहिले आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या डॉक्टरने रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. त्याचे पुस्तक १८३३ मध्ये निघाले. रसाने पचन होते हा वाद त्यानंतर जवळजवळ मिटला.

तो रस म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर. दिवसाला सुमारे २ लिटर जठररस तयार होतो. आम्ल मटणातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडते, बहुतेक जंतू मारते आणि पेप्सिनला कामाला लावते. पेप्सिन उलगडलेली साखळी मधून मधून कापते. व्हिनेगरच्या पेल्यात जे घडले तेच इथे लाळेच्या अमायलेजचे होते: घासाच्या आतवर आम्ल पोहोचेपर्यंत ते काम करत राहते आणि मग थांबते.

पेप्सिन घरी मिळत नाही, पण त्याचा चुलतभाऊ मिळतो. मटण निबर असेल तर आपल्याकडे त्याला कच्ची पपई वाटून चोळतात. पपईतले पपेन हेही प्रथिने कापणारे विकर आहे. मटणाचे दोन सारखे लहान तुकडे घेऊन एकाला पपईचा वाटलेला गर चोळावा, दुसरा तसाच ठेवावा आणि तासाभराने दोन्ही बोटांनी दाबून पाहावेत. पपई लावलेल्या तुकड्याचा वरचा थर मऊ आणि बुळबुळीत झालेला असतो. ज्यांनी कधी पपई लावून मटण फार वेळ विसरले आहे त्यांना त्याचा होणारा लगदाही माहीत असेल. जठरात हेच काम होते, फक्त सोबतीला आम्ल असते आणि जठराच्या स्नायूंचे घुसळणेही असते.

मग जठर स्वतःलाच का पचवत नाही? पेप्सिन आधी निष्क्रिय रूपात स्रवते, आतल्या भिंतीवर श्लेष्म्याचा क्षारयुक्त थर असतो आणि पृष्ठभागावरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. ही व्यवस्था बिघडली की व्रण होतो. त्याचे खापर आपण सर्रास तांबड्या रश्श्यावर फोडतो, पण व्रणाची मुख्य कारणे दोन आहेत: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक. हा जंतू दोषी आहे हे दाखवण्यासाठी १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने तो स्वतःच पिऊन टाकला. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. ज्यांना मुळात छातीत जळजळ होते त्यांचा त्रास तिखट-तेलकटाने वाढतो, हे मात्र खरे.

जेवताना पाणी प्यायल्याने जठराग्नी विझतो, असे अनेकजण सांगतात. निरोगी माणसाचे जठर लागेल तेवढे आम्ल आणखी सोडते, त्यामुळे पेलाभर पाण्याची भीती बाळगू नये. जेवून लगेच उताणे पडणे मात्र टाळावे. जठराच्या वरच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी पोट तुडुंब भरल्यावर सैलावते आणि आम्ल वर येते. पडायचेच असेल तर डाव्या कुशीवर पडावे, कारण त्या स्थितीत जठरातला ऐवज त्या तोंडाच्या खाली राहतो. ‘वामकुक्षी’ या शब्दाचा अर्थच डावी कूस. आपण त्यातली झोप ठेवली आणि कूस विसरलो. शतपावली त्याहूनही चांगली, कारण जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते. रंकाळ्यापर्यंत जायला हवे असे नाही, गल्लीतल्या चार फेऱ्या पुरतात.

जठर रिकामे व्हायला साधारण दोन ते पाच तास लागतात. भात लवकर पुढे जातो, मटण थांबते आणि तेल-चरबी सर्वांत उशिरा जाते, कारण लहान आतड्यात मेद पोहोचला की ते जठराला सावकाश घेण्याचा निरोप पाठवते. रविवारी रात्री भूक नसते ती यामुळे.

चौथी पायरी: लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग

खरे पचन इथे होते आणि सामान्य बोलण्यात या जागेचे नावही येत नाही. जठरातला आंबट लगदा थोडा थोडा करून आद्यांत्रात उतरतो. आम्लाचा स्पर्श होताच आतड्याची भिंत सिक्रेटिन नावाचे संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडते. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये ते शोधून काढले. ते रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत गेले की क्षारयुक्त स्वादुरस वाहू लागतो आणि आम्लता मारली जाते. मेदाची चाहूल लागली की दुसऱ्या एका संप्रेरकामुळे पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस सोडते.

इथे शब्दाचा एक गोंधळ सोडवायला हवा. ‘मला पित्त झालंय’ असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार बहुधा जठरातल्या आम्लाची असते. पित्तरस ही वेगळी गोष्ट आहे: तो यकृतात तयार होतो, आंबट नसतो आणि त्यात एकही पाचक विकर नसते. त्याचे काम साबणाचे आहे. ताटलीत कोमट पाणी घेऊन त्यावर चमचाभर तेल सोडा. रश्श्यावर दिसतो तसा तवंग जमेल. आता भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून चमच्याने ढवळा. तवंग फुटून पाणी दुधाळ होते, म्हणजे तेल गेले नाही, त्याचे असंख्य बारीक थेंब झाले. मेद तोडणारे लायपेज फक्त थेंबाच्या पृष्ठभागावर काम करू शकते, म्हणून पित्ताने आधी थेंब बारीक करून दिले नाहीत तर ते मोठ्या तवंगाच्या कडेलाच झगडत बसेल. तेलकट जेवणानंतर तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येत असेल तर ती जठराची नसून पित्ताशयातल्या खड्यांची असू शकते, आणि तिच्यावर सोडा पिऊन उपयोग नाही.

स्वादुरसात तिन्ही प्रकारची विकरे असतात. अमायलेज उरलेला स्टार्च तोडते, ट्रिप्सिन प्रथिनांचे आणखी तुकडे करते, लायपेज मेदाचे. शेवटची कात्री आतड्याच्या भिंतीवरच असते: तिथे माल्टेज माल्टोजचे, सुक्रेज गुळातल्या शर्करेचे आणि लॅक्टेज दुधातल्या शर्करेचे दोन भाग करते. लॅक्टेज अनेक माणसांत लहानपणानंतर कमी होत जाते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर फेसाळ दुधाचा मोठा पेला एका दमात रिचवणारे पहिलवान आणि घरच्या अर्ध्या पेल्यानेही पोट गुरगुरणारा शेजारी, यांच्यातला फरक पुष्कळदा या एका विकराचा असतो. अशा शेजाऱ्याला दही बहुधा चालते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली काही शर्करा आधीच फोडलेली असते. धारोष्ण दुधाचे कौतुक मलाही आहे. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय पसरू शकतात, म्हणून घरी तापवूनच प्यावे.

पाचवी पायरी: आत घेणे

लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. आंघोळीचा टर्किश टॉवेल बोटांनी उलगडून पाहा: त्यावरचे उभे धागे काढून टाकले तर तो किती पाणी टिपेल? आतड्याच्या आतल्या भिंतीवर असेच जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे लक्षावधी रसांकुर असतात आणि त्यांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म केस असतात. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले रसांकुरातल्या केशवाहिन्यांत शिरून थेट यकृताकडे जातात. मेद मात्र वेगळ्या वाटेने जातो: लसिकावाहिन्यांतून वर चढत तो मानेच्या डाव्या बाजूजवळच्या शिरेत रक्तात मिसळतो.

ग्लुकोज आत जाताना सोबत मिठातले सोडियम घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी का देतात याचे उत्तर हेच आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हे पाणी तोंडावाटे देऊन कितीतरी जीव वाचवले. तयार पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. मीठ अंदाजाने टाकू नये.

पाण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. प्यायलेले पाणी आणि सगळे पाचक रस मिळून दिवसाला सुमारे ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास पुढे जातो आणि शेवटी बाहेर पडतो तो १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजे पाचक ग्रंथी जे ओततात ते जवळजवळ सगळे आतडे परत घेते. गळती थोडी जरी वाढली तरी माणूस का सुकतो ते यावरून कळते.

सहावी पायरी: मोठे आतडे आणि मक्याचे कणीस

सुमारे दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात उरलेले पाणी शोषले जाते आणि अब्जावधी जिवाणू आपल्याला न पचलेल्या तंतूंवर जगतात. रविवारी मटणाऐवजी मिसळ असेल तर त्यांची चंगळ होते. मटकीत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसतेच, म्हणून त्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि वायू होतो. मटकी भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणल्याने या शर्करा कमी होतात, त्यामुळे मोडाचा कंटाळा करू नये. ज्यांना चोथ्याची सवय नाही त्यांनी तो एकदम न वाढवता आठवडा-दोन आठवडे घेऊन वाढवावा आणि सोबत पाणी वाढवावे.

अन्नाला एकूण किती वेळ लागतो हे मोजता येते. रविवारच्या जेवणात उकडलेल्या मक्याचे मूठभर दाणे घ्यावेत आणि त्यातले काही मुद्दाम न चावता गिळावेत. दाण्याचे साल पचत नाही, त्यामुळे ते बाहेर पडताना ओळखू येते. वेळ कागदावर लिहून ठेवावी. पुढचे तीन-चार दिवस मका दुसऱ्यांदा खाऊ नये, नाहीतर हिशेब चुकतो. बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत दाणे दिसले तर काळजीचे कारण नाही. तीन दिवस उलटूनही दिसले नाहीत तर पाणी, भाजी आणि चालणे यांचा विचार करावा, आणि असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टरांकडे जाण्याची आणखी काही कारणे आहेत आणि त्यांना घरचा काढा चालत नाही: शौचात रक्त, डांबरासारखी काळी शौच, गिळताना घास अडकणे, विनाकारण घटणारे वजन, किंवा चाळिशीनंतर नव्यानेच बदललेली शौचाची सवय. जड जेवणानंतर छातीत दडपण येऊन ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाऊ लागले आणि घाम फुटला, तर ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसू नये; ताट तसेच ठेवून तात्काळ रुग्णालय गाठावे. बाकी तक्रारींसाठी जाताना मक्याच्या नोंदीचा कागद सोबत न्यावा, कारण ‘पोट साफ होत नाही’ या वाक्यापेक्षा ‘रविवारी एक वाजता खाल्ले, बुधवारी संध्याकाळी दिसले’ यावर डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारता येतो.